गोलरक्षक 37 वर्षांचा झाला म्हणून त्याची अदलाबदल करावी का?

परभणी जिल्ह्यातील एका जुन्या हॉकी क्लबच्या सचिवांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या संघाचा गोलरक्षक 37 वर्षांचा आहे, मोंढ्यातल्या एका आडत दुकानात तो मुनीम म्हणून काम करतो आणि क्लबमधली पोरे त्याला उस्ताद म्हणतात. शेजारच्या जिल्ह्यातील एका संघाला तो हवा आहे. बदल्यात ते आपला 22 वर्षांचा सेंटर फॉरवर्ड, शॉर्ट कॉर्नरवर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या गोलच्या संधीवर) ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन फेकण्याचा फटका, मारणारा एक खेळाडू आणि 19 वर्षांचा राखीव गोलरक्षक अशा तिघांना सोडायला तयार आहेत. सचिवांच्या क्लबचा स्वतःचा दुसरा गोलरक्षक 20 वर्षांचा असून गेल्या हंगामात त्याने अधिकृत असे दोनच सामने पूर्ण खेळले. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो की एकाच्या बदल्यात तीन मिळत असताना विचार कसला करायचा. दुसरा म्हणतो की ज्याने सतरा वर्षे गोल सांभाळला त्याला असे वाटेला लावणे शोभत नाही.

मला हे दोन्ही युक्तिवाद पटत नाहीत. पहिल्यात केवळ डोकी मोजली आहेत आणि दुसऱ्यात केवळ उपकार मोजले आहेत. गोलात उद्या कोण उभा राहणार, हा खरा प्रश्न दोन्हींत कुठेच नाही. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. या हंगामात हा व्यवहार करू नये. पण त्याचे कारण उस्ताद अजून चांगला आहे, हे नसून आपला 20 वर्षांचा मुलगा अजून तयार नाही आणि समोरून येणारा 19 वर्षांचा मुलगा तयार आहे की नाही हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही, हे आहे. आपला मुलगा तयार झाला की माझा सल्ला उलटेल.

आधी एक बाब स्पष्ट करायला हवी. खेळाडूंच्या अदलाबदलीची जी कल्पना आज आपल्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांच्या डोक्यात बसली आहे ती उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीतून आणि काही अंशी आपल्या लिलावाच्या लीगमधून आलेली आहे. तिथे करार असतात, पगारावर मर्यादा असते, करार ज्याच्या हातात तो संघ खेळाडूला दुसरीकडे पाठवू शकतो. आपल्या जिल्हा पातळीवरच्या क्लबला असा कोणताही अधिकार नाही. आपण फक्त ना-हरकत देऊ शकतो किंवा अडवून ठेवू शकतो. जायचे की नाही हे खेळाडूच ठरवतो. त्यामुळे तीन खेळाडू ‘मिळणार’ हे वाक्यच मुळात कच्चे आहे. त्या तिघांपैकी एकाला पोलीस भरतीत किंवा रेल्वेत नोकरी लागली, किंवा शिक्षणासाठी पुण्याला जावे लागले, तर तो गेला, आणि आपण कोणाकडे दाद मागणार? गोलरक्षक मात्र त्या दिवसापासून आपला राहिलेला नसेल.

तरीही ज्या खेळात असे व्यवहार रीतसर होतात त्यातला अनुभव पाहून ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्यासमोर आलेल्या प्रस्तावासारखाच एक प्रस्ताव तिथे प्रत्यक्षात मान्य झालेला आहे. 2 डिसेंबर 1995 रोजी माँट्रियलच्या आइस हॉकी संघाने घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून 11-1 असा मार खाल्ला. पॅट्रिक रॉय हा त्यांचा तीस वर्षांचा गोलरक्षक, दोन वेळा अजिंक्यपद मिळवून दिलेला. प्रशिक्षकाने त्याला नऊ गोल होईपर्यंत गोलातच उभे ठेवले. रॉय चिडला, संघाशी बिनसले आणि चारच दिवसांत त्याची कर्णधार माइक कीनसह कोलोरॅडोकडे रवानगी झाली. बदल्यात माँट्रियलला दोन फॉरवर्ड आणि जोसेलिन थिबो हा 20 वर्षांचा गोलरक्षक मिळाला. कागदावर दोघांच्या बदल्यात तिघे, त्यातही वयाने तरुण. पुढच्या जूनमध्ये कोलोरॅडोने स्टॅनली चषक, म्हणजे तिथले अजिंक्यपद, जिंकला, 2001 मध्ये पुन्हा जिंकला, दोन्ही वेळा गोलात रॉय होता. माँट्रियलने 1993 नंतर तो चषक पाहिलेला नाही. इतक्या वर्षांच्या दुष्काळाचे खापर एका व्यवहारावर फोडणे योग्य होणार नाही, थिबो काही वाईट गोलरक्षकही नव्हता. परंतु ज्या मुलाला स्वतःच्या पायावर उभे राहायला आणखी दोन-तीन वर्षे हवी होती त्याच्या खांद्यावर एका आठवड्यात एवढ्या मोठ्या संघाचा गोल टाकला गेला, ही त्या व्यवहारातली खरी खोट होती. राग आलेला असताना किंवा पराभवाच्या दुसऱ्या दिवशी गोलरक्षकाविषयी निर्णय घेऊ नये, हेही त्यातून घेण्यासारखे आहे. सचिवांच्या पत्रात गेल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात झालेल्या चार गोलांचा उल्लेख तीन वेळा आला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता वयाकडे येतो. हॉकीत 37 हे वय फॉरवर्डसाठी फार आहे, हाफसाठीही बरेच आहे. गोलरक्षकासाठी ते आपोआप फार ठरत नाही. भारताचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली भारताला कांस्यपदक मिळवून दिले तेव्हा तो 36 वर्षांचा होता आणि उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यामुळे दहा खेळाडूंनिशी लढणाऱ्या संघाला ग्रेट ब्रिटनविरुद्ध शूटआउटपर्यंत (बरोबरीनंतर फॉरवर्ड आणि गोलरक्षक यांच्या एकास एक लढतीपर्यंत) आणि तिथून 4-2 असा पार त्यानेच नेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात आयर्लंडच्या डेव्हिड हार्ट या गोलरक्षकासाठी तमिळनाडूच्या संघाने 32 लाख रुपये मोजले. तोही तेव्हा 36 वर्षांचा होता. पैसे मोजणाऱ्या माणसांनी वय पाहिले नसेल असे मानायचे कारण नाही. त्यांनी वयासोबत आणखी काही पाहिले असणार.

ते काय, हे शॉर्ट कॉर्नरवरून सांगता येईल. गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची, म्हणजे डीची, रेषा गोलपासून 14.63 मीटरवर असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने निघालेला ड्रॅग फ्लिक तेवढे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. डोळ्याने पाहून शरीर हलायला लागेपर्यंत तरुणातल्या तरुण माणसालाही सुमारे दोन दशांश सेकंद लागतात, म्हणजे हात किंवा पाय कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला उरतात फक्त तीन दशांश. वय वाढले की या प्रतिक्रियेच्या वेळात थोडी भर पडते, हे खरे आहे, आणि कोणत्याही सरावाने ती पूर्ण भरून निघत नाही. पण अनुभवी गोलरक्षक चेंडू निघाल्यावर हलत नाही. तो निघण्याआधीच हललेला असतो. मी अशा एका गोलरक्षकाच्या पाठीमागे, जाळीच्या बाहेर, पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे. इंजेक्टरने, म्हणजे मागच्या रेषेवरून कॉर्नर ढकलणाऱ्याने, चेंडू सोडला की बाकीचे सगळे चेंडूकडे पाहत असत. तो फ्लिकरच्या डाव्या पावलाकडे पाहत असे. शेवटच्या लांब ढांगेत ते पाऊल कोणत्या दिशेला टेकते आणि त्याच वेळी डावा खांदा किती उघडतो, एवढे दिसले की त्याचे वजन त्या बाजूच्या पायावर गेलेले असे, आणि चेंडू स्टिकला अजून चिकटलेलाच असे. चुकत नव्हता असे नाही. पण चुकला तरी तो अर्ध्या पावलाने चुकत असे. हे वाचन विशीत येत नाही. ते शेकडो कॉर्नर अंगावर घेतल्यावर येते आणि दुसऱ्याला शिकवायचे तर त्याच्या शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते.

मग गोलरक्षक म्हातारा होतो तो कुठे? माझ्या मते पहिल्या चेंडूवर नव्हे, दुसऱ्या चेंडूवर. पहिला फटका तो वाचनाच्या बळावर अडवतो. पॅडला लागून चेंडू समोर पडतो, प्रतिस्पर्धी फॉरवर्ड त्यावर झेपावतो, आणि त्या वेळी जमिनीवर आडवा झालेला गोलरक्षक किती लवकर उठतो किंवा आडव्याचा आडवाच किती लवकर सरकतो, यावर गोल ठरतो. इथे कंबर, जांघ आणि गुडघे बोलू लागतात. जांघेचा जुना ताण असलेला गोलरक्षक पहिल्या तीन क्वार्टरमध्ये हे लपवू शकतो. चौथ्या क्वार्टरमध्ये ते उघडे पडते. म्हणून उस्तादची परीक्षा घ्यायची असेल तर ती अशी घ्या. सराव संपत आल्यावर, तो दमलेला असताना, एकाने डीच्या टोकावरून खाली जोराचा फटका मारायचा आणि उस्तादचा त्याला स्पर्श होताच दुसऱ्याने चार-पाच मीटरवरून विरुद्ध पोस्टकडे दुसरा चेंडू ढकलायचा. दहा वेळा करा, किती अडले ते वहीत लिहा, आणि हेच महिनाभर दर आठवड्याला त्याच दिवशी, तेवढ्याच दमछाकीनंतर करा. त्याच वेळी 20 वर्षांच्या मुलाचेही लिहा. आकडा एकदा कमी आला म्हणून काही बिघडत नाही. आठवड्यागणिक उतरत गेला तर मात्र शरीर आपले उत्तर देत आहे असे समजावे. ही चाचणी उस्तादला आधी विश्वासात घेऊन करावी. चोरून मोजमाप केलेले पोरांना कळते, पोरांकडून त्याला कळते, आणि मग त्या वहीला काही अर्थ उरत नाही.

कार्यकारिणीतल्या कोणीतरी टक्केवारी काढली आहे, असे पत्रात दिसते. उस्तादने गेल्या हंगामात सत्तर टक्के फटके अडवले, त्याआधीच्या हंगामात पंचाहत्तर टक्के, म्हणून तो उतरणीला लागला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्यासारखा क्लब हंगामात बारा-एक सामने खेळतो आणि गोलवर येणारे खरे फटके सामन्याला पाच धरले तर साठ होतात. साठपैकी पंचाहत्तर टक्के म्हणजे 45 आणि सत्तर टक्के म्हणजे 42. फरक तीन चेंडूंचा. आपल्याच बॅकच्या स्टिकला लागून एखादा चेंडू आत गेला, एक पंचाच्या नजरेतून सुटला आणि एक मुरमातल्या खड्यावरून उडाला, की हे तीन चेंडू संपले. इतक्या थोड्या आकड्यांवरून गोलरक्षकाच्या उतरणीचा निष्कर्ष काढता येत नाही. यातून फार तर बॅक लाइन किती वेळा मोडली हे कळेल, आणि ते पाहिले तर चार गोलांच्या त्या सामन्याचा हिशेबही कदाचित वेगळा लागेल.

मुरमाचा विषय निघालाच आहे तर मैदानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि पत्रात अजिबात नसलेला मुद्दा हाच आहे. मराठवाड्यातले बहुतेक गोलरक्षक मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावर घडलेले असतात. अशा मैदानावर अंग टाकले की कोपर आणि मांडी सोलून निघते, म्हणून ते शक्यतो पायावर उभे राहून, पॅड एकत्र आणून, किकरने, म्हणजे बुटावरच्या जाड आवरणाने, चेंडू बाजूला काढायला शिकतात. चेंडूची उसळी कधी काय होईल याचा त्यांना अंदाज असतो. खेळपट्टीचा कोणता भाग टणक आणि कुठे भुसभुशीत, हे ते सामन्याआधी पायाने दाबून पाहतात. अशा मैदानावर ड्रॅग फ्लिक नीट निघतही नाही. चेंडू स्टिकवरून घसरतो, त्यामुळे बहुतेक संघ कॉर्नरवर सरळ फटका मारतात, आणि पहिल्याच फटक्याचा चेंडू गोलरेषा ओलांडताना गोलातल्या तळाच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे 460 मिलिमीटरपेक्षा, वर असेल तर गोल धरला जात नाही. म्हणजे गोलरक्षकाला खालचाच भाग सांभाळायचा असतो. असे मैदान अनुभवी, जागा धरून खेळणाऱ्या गोलरक्षकाचे आहे, आणि तिथे उस्ताद अजून तीन हंगाम काढील असे मला वाटते.

टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चित्र बदलते. फ्लिकला उंचीची मर्यादा नाही, गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच आहे, आणि वरचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. ओल्या टर्फवर गोलरक्षक घसरत पुढे येऊन फॉरवर्डचे पाय आणि चेंडू दोन्ही एकदम बंद करू शकतो. हे करायला तरुण कंबर लागते. आपल्याकडे पाण्याची टंचाई असल्यामुळे टर्फही अनेकदा कोरडाच खेळायला मिळतो, त्यावर चेंडू थोडा मंदावतो आणि घसरले की कातडी जळते, हा आणखी वेगळा प्रकार. तेव्हा सचिवांनी येत्या हंगामातले सामने कुठे कुठे आहेत ते एका कागदावर लिहून काढावे. जिल्हा आणि आसपासच्या स्पर्धा मातीवर असतील तर उस्तादला सोडणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे होईल. पण क्लबला राज्य पातळीवर जायचे असेल, पिंपरीच्या नेहरूनगर मैदानावर किंवा मुंबईत टर्फवर खेळायचे असेल, तर आजपासूनच तरुण गोलरक्षक टर्फवर घडवायला हवा, आणि त्यासाठी त्याला छत्रपती संभाजीनगरला साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्राच्या टर्फवर सराव मिळावा म्हणून रीतसर विनंती करणे, हे तीन खेळाडूंच्या अदलाबदलीपेक्षा स्वस्त आणि अधिक टिकाऊ काम आहे.

हा तरुण गोलरक्षक कसा घडवायचा, याविषयी माझे मत ठाम आहे. सरावाने गोलरक्षक घडत नाही, सामन्याने घडतो. राखीव गोलरक्षकाइतका अन्याय संघात कोणावर होत नसेल; फॉरवर्ड सहा असले तरी सगळ्यांना आळीपाळीने मैदानात जाता येते, गोलात मात्र एका वेळी एकच. कृष्ण बहादूर पाठक 2018 पासून भारताच्या वरिष्ठ संघात आहे, पण पॅरिसच्या सोळा जणांत श्रीजेश हा एकटाच गोलरक्षक होता आणि पाठक राखीव यादीत. असे असूनही श्रीजेश निवृत्त झाला तेव्हा भारताचा गोल अनोळखी हातात गेला नाही, कारण 2023 च्या सुमारास अनेक सामन्यांत दोघांना क्वार्टर वाटून खेळवले जात होते. हॉकीत बदली किती वेळा करावी यावर बंधन नसल्याने हे सहज करता येते. आपणही तसेच करावे. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आहेत. साखळी सामन्यांत दुसरा आणि तिसरा क्वार्टर मुलाला द्यावा, पहिला आणि शेवटचा उस्तादला. महिनाभराने शेवटचा क्वार्टरही मुलाला द्यावा, तोही आघाडी एकाच गोलाची असताना. गोल झाले तरी त्याला बाहेर काढू नये. एक अडचण लक्षात ठेवावी: शॉर्ट कॉर्नर मिळाल्यावर तो संपेपर्यंत बदली करता येत नाही, गोलरक्षक जखमी किंवा निलंबित झाला असेल तरच येते. म्हणजे कॉर्नरपुरता उस्तादला आत आणण्याची युक्ती चालणार नाही, आणि ते मुलाच्या दृष्टीने चांगलेच आहे.

शूटआउटसाठी मात्र नियम वेगळा आहे. तिथे संघाने सामन्याच्या यादीतून पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक नव्याने नेमायचा असतो, त्यामुळे सामना एकाने खेळला तरी शूटआउट दुसऱ्याला देता येते. आठ सेकंदांचा हा प्रकार पायांच्या वेगापेक्षा धीराचा आहे. पहिल्या तीन सेकंदांत जो गोलरक्षक खाली पडतो तो हरतो. जो उभा राहून फॉरवर्डला बाजूला, उलट्या स्टिकच्या अंगाला रेटत नेतो तो घड्याळ आपल्या बाजूने वळवतो. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात बेल्जियमच्या व्हिन्सेंट व्हॅनॅशने, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेच केले आणि 3-2 ने सुवर्ण नेले. उस्ताद पुढे दोन-तीन वर्षे केवळ शूटआउटचा गोलरक्षक आणि मुलांचा शिक्षक म्हणून संघात राहू शकेल. नांदेडला गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने होणाऱ्या सुवर्ण-रजत चषकासारख्या स्पर्धेत, जिथे देशभरातून नावाजलेले संघ येतात, असा माणूस बाकावर असणे ही लहान गोष्ट नाही.

एवढे लिहूनही मी असे म्हणणार नाही की अनुभवी गोलरक्षकाला कधीच सोडू नये. दोन गोलरक्षक तयार असताना दोघांनाही धरून ठेवण्याचा मोह कसा अंगलट येतो, याचे उदाहरण आइस हॉकीतल्या व्हँकुव्हर संघाचे आहे. रॉबर्टो लुआँगो हा त्यांचा मोठ्या नावाचा गोलरक्षक आणि कोरी श्नायडर हा त्याच्या मागे पूर्ण तयार झालेला. कोणाला ठेवायचे हे ठरवण्यात त्यांनी इतका वेळ घालवला की जून 2013 मध्ये तरुणाला घालवले आणि मार्च 2014 मध्ये ज्येष्ठालाही, तेही एका मोठ्या खुल्या मैदानावरच्या सामन्यात त्याला बाकावर बसवून दोनच दिवसांनी. वर्षभरात दोन्ही गेले. याच्या उलट बॉस्टन. टिम थॉमसने 2011 मध्ये, बरोबर आपल्या उस्तादच्या वयात, म्हणजे 37 व्या वर्षी, अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात एकही गोल न होऊ देता त्यांना चषक जिंकून दिला. त्याच्यामागे 24 वर्षांचा तूका रास्क होता, आणि त्याला त्याआधीच्या हंगामात मुख्य गोलरक्षक म्हणून भरपूर खेळवून झालेले होते. थॉमस 2012 मध्ये बाजूला झाला, आणि 2013 मध्ये रास्कने तोच संघ पुन्हा अंतिम फेरीत नेला. थॉमस गेल्याने बॉस्टन कोसळले नाही, कारण पुढचा माणूस आधीच गोलात उभा राहून गेला होता.

तेव्हा आपल्या क्लबसाठी सोडण्याची वेळ मी अशी ओळखीन. मुलगा सलग सात-आठ सामने पूर्ण खेळला आहे, त्यात एखादा वाईट गेला आहे आणि त्यानंतरच्या सामन्यात तो पुन्हा उभा राहिला आहे. बॅक त्याची हाक ऐकतात, म्हणजे ‘डावा’, ‘रशर’, ‘पोस्ट सोड’ असे तो ओरडला की मान वळवून उस्तादकडे पाहत नाहीत. आणि दुसऱ्या चेंडूच्या चाचणीत तो उस्तादच्या पुढे गेला आहे. यातला मधला मुद्दा मी सर्वांत वर धरतो. गोलरक्षकाच्या आवाजावर ज्याची बॅक लाइन हलते त्याचा गोल अर्धा राखलेला असतो. ही तिन्ही लक्षणे दिसली आणि मुलाला अजूनही अर्धेच सामने मिळत असतील, तर उस्तादला ताबडतोब मोकळे करावे, बदल्यात काही मिळो वा न मिळो. कारण तयार झालेला 20-21 वर्षांचा गोलरक्षक फार दिवस वाट पाहत नाही. साईच्या एखाद्या केंद्रात, पोलिसांत किंवा बँकेच्या संघात त्याला कोणी ना कोणी बोलावतेच.

समोरून आलेल्या तिघांचाही विचार करून ठेवावा. सेंटर फॉरवर्ड चांगला असेल, पण गोल करणारा खेळाडू हंगामाच्या मध्यातही मिळू शकतो. शाळा-महाविद्यालयांतून सर्वांत जास्त मुले त्याच जागेवर खेळतात. फ्लिकरचा मोह मला समजतो, परंतु मुरमावर त्याचे अर्धे मोल जाते हे वर सांगितले आहे. आणि ज्या संघाने आपला 19 वर्षांचा गोलरक्षक इतक्या सहज देऊ केला आहे त्यांना त्याच्याबद्दल काय वाटते, हे त्या देऊ करण्यातच दिसते. त्यांना उस्ताद एका हंगामापुरता, एखाद्या ठरावीक स्पर्धेसाठी हवा असावा असा माझा तर्क आहे. तसे असेल तर अदलाबदल न करता त्या एका स्पर्धेपुरते, त्याच्या संमतीने आणि आपले सामने नसताना, त्याला पाहुणा खेळाडू म्हणून खेळू देता येईल का, हे स्पर्धेच्या नियमांत पाहावे. त्याने संबंध राहतील, आणि त्या काळात आपला मुलगा एकट्याने गोल सांभाळेल. मोठा निर्णय घेण्याआधीची ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

हे सर्व ठरवण्याच्या आधी उस्तादशी बोलणे झाले आहे का, याचा पत्रात उल्लेख नाही. व्यावसायिक आइस हॉकीतसुद्धा, जिथे माणसे करारावर फिरवली जातात, अनेक ज्येष्ठ गोलरक्षकांच्या करारात त्यांच्या संमतीशिवाय हलवू नये असे कलम असते. पिट्सबर्गच्या मार्क-आंद्रे फ्लरीने 2017 मध्ये ते कलम स्वतः होऊन सोडले, म्हणून लीगमधल्या नव्या संघासाठी खेळाडू निवडले जात असताना संघाला तरुण गोलरक्षक मॅट मरेला राखता आले, आणि फ्लरी लास व्हेगासच्या नव्या संघाला पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत घेऊन गेला. आपला माणूस तर पगाराशिवाय खेळतो आहे. दिवसभर दुकानात बसून संध्याकाळी पॅड बांधणाऱ्याला शेजारच्या जिल्ह्यात आठवड्यातून तीन दिवस सरावाला जाणे जमेल का, त्याची तिथे जायची इच्छा आहे का, हे त्यालाच विचारावे लागेल. सचिवांनी एकट्याने जाऊन विचारावे, सगळी कार्यकारिणी सोबत नेऊ नये. आणि विचारताना दुसऱ्या चेंडूविषयी उघड बोलावे. मला आलेला अनुभव असा आहे की स्वतःच्या गुडघ्यांबद्दल गोलरक्षक कार्यकारिणीपेक्षा जास्त खरे बोलतो, फक्त त्याला आधी कोणी विचारलेले नसते.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट, जी अशा प्रसंगी भांडणाचे मूळ ठरते. गोलरक्षकाचा चांगला संच, म्हणजे पॅड, किकर, छातीचे आणि पोटाचे संरक्षक, हातमोजे आणि हेल्मेट मिळून, लाखाच्या घरात जातो, आणि मुरमावर किकरचा फोम दोन हंगामांत झिजतो. आपल्या क्लबचा संच क्लबच्या पैशाने घेतलेला आहे की उस्तादने काही भाग स्वतः घातला आहे, हे आजच वहीत पाहून त्याच्या सहीने लिहून ठेवावे. तो राहिला तरी आता दोन गोलरक्षक आळीपाळीने खेळणार आहेत, आणि दुसऱ्या क्वार्टरला उस्तादच्या घामाने ओले झालेले, त्याच्या मापाचे पॅड मुलाला बांधायला लावले तर तो हलणार कसा? दुसरा संच आधी घ्यावा. फ्लिकरला आणण्यासाठी जो जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च कार्यकारिणीने गृहीत धरला असेल, तोच इथे वळवता येईल.